तुझ्यापुरतं बोल

“पट्टा काढून ठेव आणि नाचून दाखव,” साहेब म्हणाले.

दुपारची वेळ होती. बंगल्याच्या मागच्या अंगणात निंबाच्या सावलीत टेबल लावलं होतं. साहेबांकडे पाहुणे आले होते, पुण्याकडचे, बायकामाणसांसकट. मी पाण्याचा जग धरून उभा होतो. अंगावर खाकी, कमरेला पट्टा, पट्ट्यावर पितळेचं बक्कल, बक्कलावर नंबर. एक पाहुण्या बाई म्हणाल्या होत्या की इकडे म्हणे लमाणांचे तांडे असतात, त्यांच्या बायका आरसे लावलेले कपडे घालतात, एकदा बघायला पाहिजे. साहेब हसले. म्हणाले, तांड्यावर जायची दगदग कशाला, लमाण इथंच पाणी वाढतोय. होळी आलीच आहे, या लोकांची गाणी असतात, नाच असतो. आणि माझ्याकडे वळून ते वाक्य बोलले.

मला वाटलं, थट्टा आहे. मी थोडा हसलोसुद्धा. साहेब हसत नव्हते.

मी पट्टा काढला, गुंडाळला, पायरीवर ठेवला. त्यावर टोपी ठेवली. आणि नाचलो. होळीला आमच्या तांड्यावर लेंगी गातात. डफ असतो, सगळा तांडा गोल फिरतो, कोणाचा आवाज कोणता ते कळत नाही. ती लेंगी मी एकटा गायलो. डफ नाही, गोल नाही, पायात सरकारी बूट. पाहुणे हसले. वाईट हसले असते तर बरं झालं असतं. ते कौतुकानं हसले, जत्रेतलं माकड बघून हसतात तसे. एकजण “वा, छान!” म्हणाले. बाईसाहेब म्हणाल्या, “पुरे आता, घाम आलाय त्याला. मागे जेवायला द्या काहीतरी.”

मागे म्हणजे म्हशीच्या गोठ्याजवळ. ताट आलं, ते मी बाजूला सारलं. मी पट्टा पुन्हा कमरेला बांधला आणि म्हशीला पाणी दाखवलं, कारण ते माझंच काम होतं.

ही पोलीस लाइन, आम्हा शिपायांची वस्ती, कोणत्या गावची ते मी सांगणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातली, एवढंच. साहेबांचं नाव सांगणार नाही. माझंही नाही. तुम्ही कोण, कोणाला जाऊन सांगाल, मला ठाऊक नाही. पोलिसाच्या नोकरीनं मला दुसरं काही दिलं नसेल, ही सवय मात्र दिली. समोरचा माणूस हसला की मी आधी त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघतो.

आमचा तांडा फुलसावंगीकडचा. तुम्ही लमाण म्हणता, आम्ही स्वतःला गोरमाटी म्हणतो. आजोबांच्या काळात आमचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे, माझ्या बापानं थोडी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावायला घेतली. चोरी कुठंही होवो, झडती आमच्या तांड्याची व्हायची. मी लहान असताना एकदा शिपाई आले. माझ्या याडीचा, म्हणजे आईचा, लग्नातला फेटिया, आरसे लावलेला घागरा, त्यांनी लाठीच्या टोकानं उचलून धुळीत टाकला. घेर झटकून बघितला, त्यात काय लपवलं म्हणून. ते गेल्यावर तिनं फेटिया उचलला, आरशांतली माती नखानं काढत बसली. मी तेव्हाच ठरवलं की मी पोलीस होणार. लाठीच्या या बाजूला नाही, त्या बाजूला उभा राहणार.

वऱ्हाड मुंबई राज्याला जोडलं त्या सुमारास मी भरती झालो. तांड्यावर बोकड कापला. नायकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, आता आपल्या दारात शिपाई आला तर तो आपला असेल. मी छाती फुगवून लाइनीत आलो.

आणि माझी ड्यूटी लागली साहेबांच्या बंगल्यावर. अर्दली म्हणून. कागदावर पोलीस, कामाला गडी. म्हशीचं शेण काढायचं. बाईसाहेबांचं लुगडं वाळत घालायचं. साहेबांचे पाय दाबायचे, बूट घासायचे, भाजी आणायची आणि भाजीत कीड निघाली की शिव्या खायच्या. मी एकटा नव्हतो. लाइनीतला प्रत्येकजण पाळीपाळीनं कुठल्यातरी बंगल्यावर होता. आमच्या बायकाही सुटल्या नाहीत. उन्हाळा लागला की हवालदार लाइनीत हाळी द्यायचा, “बाईसाहेबांकडे शेवया हायेत!” आणि बायका घरचं अर्धं टाकून निघायच्या. शेवया, पापड, कुरडया, वर्षाची तूर निवडणं. बोलावणं नव्हतं ते, हुकूम होता. जी गेली नाही तिच्या नवऱ्याची ड्यूटी दुसऱ्या दिवशी उन्हात लागायची.

ही तक्रार करायची कशी? त्याची एक रीत होती. ज्यानं त्यानं आपापली तक्रार सांगायची, एकट्यानं, टोपी काढून, साहेबांसमोर उभं राहून. दोघांनी मिळून सांगितली की ती तक्रार राहत नाही, बंड होतं. भरती झाल्यावर पहिल्याच आठवड्यात हे आम्हाला बंदुकीच्या सफाईसोबत शिकवलं होतं. मला तेव्हा ते साधं शिस्तीचं वाटलं.

नाचाच्या त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा जमनी, माझी बायको, चुलीशी बसली होती. घरात आम्ही गोरबोलीतच बोलतो, इथं तुमच्यासाठी मराठीत लिहितोय. मी तिला सांगितलं. सगळं नाही, पण तिला कळलं. ती भाकरी थापायची थांबली.

“तू नाचला?”

“हुकूम होता.”

“मले बी उद्या शेवयाले बलावलं. मी नाही जात.”

“जाव लागते.”

“काहून? मी कायी पोलिसात भरती नाही झाली.”

मी तिच्यावर ओरडलो. राग तिचा नाही, माझा स्वतःचाच आला होता, आणि भीती वाटली होती. ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी मला कापसाच्या बाजारात भर उन्हात उभं केलं. उभा राहून राहून डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि तरी पहिल्यांदा मला बरं वाटत होतं. का ते तेव्हा कळलं नाही.

कळलं ते आर्णीच्या रस्त्यावरच्या एका जिनाच्या फाटकावर. कापसातली सरकी काढायचा तो कारखाना. तिथल्या बायामाणसांनी काम बंद केलं होतं. आम्हाला लाठ्या देऊन बंदोबस्ताला पाठवलं. बाया फाटकासमोर मातीत बसल्या होत्या, केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. त्यांना हाकलायचा हुकूम कधीही येईल म्हणून आम्ही लाठ्या आवळून उभे. माझ्या अगदी पुढ्यात एक म्हातारी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि सोयरा आल्यासारखी गप्पा मारायला लागली.

“तुले सुट्टी कवा असते रे दादा?”

ड्यूटीवर बोलायचं नसतं. पण ती बघतच राहिली.

“नसते,” मी म्हणालो.

“मंग तुमी काहून बसत नाही असे?”

“आमाले परवानगी नाही.”

“आन आमाले कोनं देल्ली होती?”

शेजारच्या बाया फिदीफिदी हसल्या.

हुकूम आलाच नाही. दुपारी मालक फाटकाबाहेर आला. मोठा माणूस, ज्याच्या गाडीला आम्ही सलाम ठोकायचो तो. तहसीलदार मध्ये बसले. बाकं आणली. त्या बायांनी आपल्यातले चारजण पुढे केले, त्यात ती म्हातारी, आणि ती मालकाच्या समोर बाकावर बसली. पाय हलवत बसली! तिचं सगळं ऐकलं असं नाही. अर्धंच कबूल झालं. पण मालक तिच्याशी बोलत होता आणि ती सगळ्यांच्या वतीनं बोलत होती, आणि ते कोणालाही बंड वाटत नव्हतं. आणि आम्ही, ज्यांच्या हातात लाठी, ज्यांना बघून गाव रस्ता सोडतं, आम्ही उभे. मला त्या म्हातारीचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू, लाठी तिच्या हातात देऊन तिच्या जागी जाऊन बसावं असं वाटलं.

परतताना गाडीत गणपत माझ्या शेजारी होता. गणपत आर्णीकडचा कुणबी, घरची कपाशीची शेती. भावांत वाटण्या झाल्या म्हणून पोलिसात आलेला. माझ्या ताटाला ताट लावून जेवणारा लाइनीतला पहिला माणूस. तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, “आपले बी चारजन पायजे.”

तिथून सुरू झालं.

लाइनीत तीन शिपाई एकत्र दिसले की हवालदार विचारायचा, काय चाललंय. म्हणून आम्ही दोघं दोघंच बोलायचो. आंघोळीच्या हौदावर. एकानं दुसऱ्याची पाठ दगडानं घासायची आणि तेवढ्यात बोलून घ्यायचं. मी गणपतशी, गणपत पुढच्याशी. लाइनीतल्या पाठी त्या दिवसांत इतक्या स्वच्छ कधी झाल्या नसतील.

मागायचं काय ते ठरलं. अर्दलीची कामं बंद. बायकांना बंगल्यावर बोलावणं बंद. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे आमच्यातले चारजण आम्ही निवडणार, सगळ्यांचं गाऱ्हाणं त्यांनी मांडायचं, आणि त्या चौघांना हात लावायचा नाही. बाकीचं मिळालं नसतं तरी चाललं असतं. हे एक मिळालं की बाकीचं आज ना उद्या मागता येत होतं. साहेबांनाही ते कळत होतं, म्हणूनच ते मिळणं अवघड होतं.

मांडायचं कधी? वार्षिक तपासणीला नागपूरहून मोठे साहेब यायचे. परेड झाली की विश्राम द्यायचे आणि विचारायचे, कोणाची काही तक्रार? दरवर्षी सगळे गप्प राहायचे. मोठे साहेब खूश व्हायचे आणि जेवायला जायचे. आम्ही ठरवलं, यावेळी प्रश्न संपला की सगळ्यांनी डावा पाय उचलायचा आणि एक कदम पुढे यायचं. बोलायचं काहीच नाही. सगळी ओळ पुढे आली की पुढं कोण आला, आधी कोणाचा पाय उचलला, ते कोणाला सांगता येणार नाही. मग गणपतनं मागण्या सांगायच्या. त्याचा आवाज मोठा होता.

संशय होताच. मला करीमभाईंचा होता. करीमभाई आमचे परेडचे हवालदार, लाइनीतले सगळ्यांत जुने. आम्ही हौदावर बोलत असलो की हमखास तिथं यायचे आणि तोंड धुवायला लागायचे. खळखळ चूळ भरायची, थांबायचं, ऐकल्यासारखं करायचं, पुन्हा चूळ. इतकं तोंड कोण धुतं? मी गणपतला म्हणालो, बुढा ऐकून राह्यला. गणपत म्हणाला, त्यायले पायरिया हाय. मला पटलं नाही.

तपासणीचा दिवस आला. सकाळची वेळ, मैदानावर पांढरी फक्की मारलेली. आम्ही कडक इस्त्रीत उभे. जिल्ह्याचे आमचे साहेब पुढे, त्यांच्याजवळ नागपूरचे मोठे साहेब. परेड झाली. मोठे साहेब ओळीसमोर आले. आता विश्राम मिळणार, मग प्रश्न.

विश्राम मिळाला नाही. करीमभाईंचा आवाज घुमला, “परेड, साऽऽवधान!”

आणि त्याच क्षणी मोठ्या साहेबांनी विचारलं, “कोणाची काही तक्रार?”

एकही पाय हलला नाही.

बाहेरच्या माणसाला हे कसं सांगू? सावधानमध्ये डोळ्यावर माशी बसली तरी उडवायची नाही. पायाखाली विंचू आला तरी नाही. वर्षानुवर्षं रोज सकाळी हे अंगात ठोकून ठोकून बसवलेलं असतं. डोकं म्हणत होतं चल, आणि पाय म्हणत होते हुकूम नाही. हौदावर आम्ही सगळा विचार केला होता. कोण बोलेल, काय बोलेल, आवाज कोणाचा. सावधान मिळालं तर काय, हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. जिनातल्या बाया ही चूक करणार नाहीत. शेतात राबणारा करणार नाही. आम्हीच केली, कारण आमचे पाय आमचे नव्हते.

मोठे साहेब मान हलवून वळायला लागले. मला त्यांच्या मानेवरची पावडर दिसली. मला ते निंबाखालचं अंगण दिसलं, ते हसणारे पाहुणे दिसले. मी पाय उचलला. दगड उचलतात तसा उचलला. एक कदम पुढे टाकला. एकट्या बुटाचा आवाज आला.

मागे काही ऐकू येतं का म्हणून मी थांबलो. काहीच आलं नाही.

“बोल,” मोठे साहेब म्हणाले.

“साहेब, आमाले अर्दलीचं काम नको. आमच्या बायायले बंगल्यावर बलावू नये. आन आमचे चारजन आमी निवडू, ते सगळ्यायचं सांगतीन.”

आमचे साहेब काही बोलणार होते. मोठ्या साहेबांनी हात वर केला. ते चिडले नव्हते. बापानं समजावावं तसे बोलले.

“तुझ्यामागे मला कोणी दिसत नाही. तुझ्यापुरतं बोल. तुला अर्दलीचा त्रास आहे? आजपासून तुझी अर्दली बंद. मी इथंच हुकूम देतो. झालं समाधान?”

हो म्हणायचं, बस. शेण सुटलं असतं. नाच सुटला असता. जमनीला कोणी बोलावलं नसतं. आणि दिलदार साहेब म्हणून मोठ्या साहेबांचं नाव झालं असतं, आणि गणपत माझ्या जागी म्हैस धूत राहिला असता. किती स्वस्तात सुटत होते ते!

“नाही साहेब,” मी म्हणालो. “सगळ्यायची बंद करा. नाही तं माही बी नको.”

“सगळ्यांचं बोलायचा अधिकार तुला कोणी दिला?”

“तोच तं मांगून राह्यलो साहेब.”

मोठे साहेब “विचार करू” म्हणाले आणि जेवायला गेले. आमचे साहेब जाता जाता माझ्याकडे बघून हसले. शिव्या दिल्या असत्या, पट्टा ओढून घेतला असता तर मी घाबरलो नसतो. त्या हसण्याला मी घाबरलो.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळेला साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. मैदान समोरच. दार उघडं ठेवायला सांगितलं. मला खुर्ची दिली. शिपायाला खुर्ची! चहा मागवला, कपबशीत. मला वाटलं आता सोबत्यांची नावं विचारतील. विचारली, पण सहज, पावसापाण्याचं विचारावं तशी. मी सांगितलं नाही. ते म्हणाले, असू दे. तांड्याची चौकशी केली, बापाच्या कपाशीची केली. मोठ्यानं हसले. माझ्या खांद्यावर थोपटून मला जाऊ दिलं. पुढच्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही. खुर्ची, चहा, उघडं दार, हसणं. आणि समोर मैदानावर सगळी लाइन हजेरीला उभी.

मी मूर्ख. मला वाटलं साहेब नरमले.

जमनी नळावरून रिकामा हंडा घेऊन आली. बायकांनी तिच्यासाठी जागा केली नव्हती. एकजण म्हणाली होती, “तुया नवरा रोज चा पेते म्हने सायबासंगं.” मी हौदावर गेलो तर सगळे टॉवेल उचलून चालते झाले. गणपतला मी वाटेत अडवलं.

“तुले खरं वाटते का हे?”

“मले काही वाटत नाही बावा,” तो माझ्या बक्कलाकडे बघत म्हणाला. “मले लेकरं हायेत.”

“तू पाय काहून नाही उचलला?”

“अन तुले कसं ठाऊक होतं सावधान भेटन म्हनून? तूच एकटा कसा काय हालला?”

मी त्याला मारलं असतं. माझ्या ताटात जेवलेला माणूस. हाताच्या मुठी वळल्या आणि तशाच राहिल्या, कारण त्याच क्षणी मला साहेबांचं ते हसणं आठवलं आणि लख्ख कळलं. साहेबांना फितूर लागतच नव्हता. एक खुर्ची आणि एक कप चहा, एवढ्यावर काम भागत होतं. उरलेलं आम्हीच करत होतो. आम्हाला शिकवलंच होतं ना, प्रत्येकावर नजर ठेवायला! गावावर ठेवायची ती आम्ही एकमेकांवर ठेवली, आणि साहेब निवांत.

जमनीला सांगितलं. ती म्हणाली, “तू खोलीत जातेसच काहून? आपल्या तांड्यावर नसाब बसते तवा कोनी नायकाच्या झोपडीत एकटा जाते का?”

नसाब म्हणजे आमची न्यायाची बैठक. भांडण असो, सोयरीक मोडलेली असो, सगळा तांडा बसल्याशिवाय त्यावर शब्द निघत नाही. एखादा आधी जाऊन नायकाशी कुजबुजला तर त्यालाच दंड बसतो. हे मला जन्मापासून माहीत होतं. पोलिसात येऊन विसरलो होतो.

सकाळी बोलावणं आलं. खुर्ची मांडलेली, चहा वाफाळत होता. मी उंबरठ्याबाहेरच थांबलो.

“आत ये. बस,” साहेब म्हणाले.

“नाही साहेब.”

मी मैदानाकडे तोंड केलं. माझा आवाज गणपतएवढा मोठा नाही, पण त्या दिवशी निघाला.

“आयका रे! साहेब मले रोज चा पाजून राह्यले, तुमची नावं सांग म्हनून. मी एक नाव नाही सांगितलं. आन आजपासून मी या खोलीत जात नाही. काय बोलाचं ते या मैदानावर बोला, सगळ्यायसमोर!”

साहेब खुर्चीवरून उठले. चेहरा लाल. त्या चेहऱ्याला मी इतके दिवस शोधत होतो. “हवालदार!” ते ओरडले. “परेड सावधान कर!”

करीमभाई ओळीपुढे उभे होते. त्यांनी टोपी काढली, आतून पुसली, पुन्हा घातली. नीट बसली नाही म्हणून पुन्हा सरळ केली. मग घसा खाकरला.

तेवढ्या वेळात मी सगळं बोलून घेतलं. अंगणातला नाचसुद्धा. तो मी जमनीशिवाय कोणालाच सांगितला नव्हता. आता तो सगळ्या लाइनीनं ऐकला आणि माझी लाज तिथंच संपली. लाज मला नव्हे, ज्यांनी नाचवलं त्यांना वाटायला पाहिजे होती. मग करीमभाईंनी सावधान दिलं. बूट खाडकन जुळले. पण ऐकलेलं परत थोडंच जातं?

शिस्तभंग म्हणून मला काढून टाकलं. बक्कल जमा करून घेतलं. आम्ही तांड्यावर आलो. मी बापाच्या पऱ्हाटीत राबतो. नायक माझ्याशी नीट बोलत नाही, त्याच्या दारातला शिपाई गेला. याडी काही विचारत नाही. माझ्या जाण्यानं लाइनीत सगळं सुधारलं असं सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. सुधारलं नाही. अर्दली आहे, म्हैस आहे, शेवया आहेत.

मध्यंतरी दिल्लीहून कायदाही आला. पोलिसांनी वरच्या परवानगीशिवाय संघटना करायची नाही, कोणत्या युनियनीत जायचं नाही, असल्या कामासाठी सभेत बोलायचं नाही, वर्तमानपत्रात लिहायचं नाही. आधी जे हवालदाराच्या तोंडी होतं ते आता छापून आलं. मी तर म्हणतो, ज्याची भीती वाटत नाही त्याच्यावर कोणी कायदा करत नाही.

परवा गणपत आला. साध्या कपड्यांत, एस.टी.नं. बांधावर बसला. पऱ्हाटीचं बोंड चाचपत म्हणाला, “करीमभाई रिटायर झाले. एक इचारू? सावधान त्यायनं मुद्दाम देल्लं का? आपलं कोनी फोडलं असन?”

मी पुष्कळ विचार केला आहे याचा. करीमभाई असतील. हौदावरचा कोणीतरी असेल. गणपत स्वतः असेल, म्हणूनच इतक्या लांब विचारायला आला असेल. किंवा कोणीच नसेल, साहेबांना आमच्या पाठी बघूनच कळलं असेल.

“मले माहीत नाही,” मी म्हणालो, “आन मले माहीत करून घ्याचं बी नाही. ज्या दिवशी आपन त्याले शोधाले निंघू, त्या दिवशी सायबाचं काम झालं.”

तो म्हणाला, “पुढच्या महिन्यात तपासनी हाय. नागपूरचे मोठे साहेब येऊन राह्यले. पोरं घाबरून हायेत. कोनी बोलत नाही.”

त्याला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. तो कायदा पोलिसांसाठी आहे आणि मला पोलिसातून त्यांनीच काढलं. मैदानाला तारेचं कुंपण आहे, कुंपणाबाहेर सरकारी रस्ता आहे, आणि रस्त्यावर उभं राहायला मला कोणाची परवानगी लागत नाही. मोठे साहेब विचारतील, कोणाची काही तक्रार? आतले गप्प राहतील. मी बाहेरून सांगीन, सगळ्यांची, एकेक करून, त्यांच्या पाहुण्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. पुढच्या वर्षी पुन्हा जाईन. जोवर आतून चारजण बोलत नाहीत तोवर जाईन. आणि हे आधीच उघड सांगून ठेवतो, म्हणजे कोणाला जाऊन साहेबांचे कान भरायची तसदी नको.